विश्लेषण : १९८९ ची ‘ती’ फेरी २४ वर्षांनी पुन्हा कशी ऐकू आली? आयर्टन सेन्ना आणि रेसिंगमधील डेटाची गोष्ट

पैठण गेटकडून टिळक पथाने गुलमंडीकडे निघालेल्या दुचाकीस्वाराच्या खिशातला मोबाइल गप्प बसलेला नसतो. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कोणत्या बाजूला कलली, ब्रेक दाबल्यावर किती धक्का बसला, हे सगळे त्याला कळत असते. संध्याकाळी नकाशाच्या ॲपवर गुलमंडी ते सिटी चौक हा रस्ता लाल दिसतो, तो अशा असंख्य मोबाइलनी पाठवलेल्या वेगाच्या नोंदींमुळेच. गाडी धावत असताना नोंदी घ्यायच्या, त्या दूर पाठवायच्या आणि त्यातून अर्थ काढायचा, या तंत्राला टेलिमेट्री म्हणतात. फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये ते रुजले १९८०च्या दशकात. त्याच काळात या खेळाचा सर्वात मोठा तारा होता ब्राझीलचा आयर्टन सेन्ना. १ मे १९९४ रोजी, वयाच्या ३४व्या वर्षी, इटलीतील इमोला ट्रॅकवर त्याचा मृत्यू झाला. सेन्सरने त्याला घडवले का, त्याच्या यशात डेटाचा वाटा किती आणि त्याच्या मृत्यूचे कोडे डेटाने सोडवले का, याचा हा आढावा.

सुझुका ट्रॅकवर काय घडले?

२०१३ मध्ये होंडा कंपनीने जपानच्या सुझुका ट्रॅकवर एक वेगळाच प्रयोग केला. रात्रीची वेळ, रिकामा ट्रॅक, कडेला मांडलेले शेकडो स्पीकर आणि दिवे. अचानक इंजिनाचा आवाज घुमू लागला आणि प्रकाशाची एक रेघ ट्रॅकवरून धावू लागली. वळणाआधी आवाज खाली उतरत होता, गिअर बदलल्याचे ऐकू येत होते, सरळ रस्त्यावर तो पुन्हा टिपेला जात होता. मात्र ट्रॅकवर गाडी नव्हती आणि चालकही नव्हता.

ती फेरी होती सेन्नाची. ऑक्टोबर १९८९ मध्ये याच ट्रॅकवर पात्रता फेरीत त्याने १ मिनिट ३८.०४१ सेकंदांची वेळ दिली होती. ट्रॅकची तेव्हाची लांबी ५.८५९ किलोमीटर. म्हणजे सगळी वळणे धरूनही सरासरी वेग ताशी सुमारे २१५ किलोमीटर. त्याच संघातून, तशीच गाडी चालवणारा ॲलन प्रोस्ट त्याच्यापेक्षा १.७ सेकंदांहून अधिक मागे होता. त्या फेरीतील इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटर आणि वेग यांच्या नोंदी होंडाने जपून ठेवल्या होत्या. त्यावरून आवाज आणि गती पुन्हा उभी करण्यात आली. तोपर्यंत सेन्नाला जाऊन १९ वर्षे झाली होती.

सेन्ना या खेळात आला कसा?

आयर्टन सेन्ना दा सिल्वाचा जन्म २१ मार्च १९६० रोजी साओ पावलो शहरात झाला. घर सधन होते. वडील मिल्टन यांचा मोटारींच्या सुट्या भागांचा व्यवसाय होता. मुलगा चार वर्षांचा असताना त्यांनी गवत कापण्याच्या यंत्राचे छोटे इंजिन लावून त्याला एक कार्ट बनवून दिली. १३व्या वर्षी तो पहिली अधिकृत कार्ट शर्यत धावला. १९७९ आणि १९८० अशी सलग दोन वर्षे तो कार्टिंगच्या जागतिक स्पर्धेत उपविजेता ठरला.

कार्टमध्ये सेन्सर नव्हते. सस्पेन्शनही नसते. त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक उंचवटा थेट पाठीला आणि हातांना कळतो. टायर सुटतो आहे की पकड धरतो आहे, हे शरीरानेच ओळखावे लागते. सेन्नाची पहिली शाळा ही होती. १९८१ मध्ये तो इंग्लंडला गेला. १९८३ मध्ये मार्टिन ब्रंडलशी हंगामभर चाललेल्या चुरशीनंतर त्याने ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी टोलमन या लहान संघाने त्याला फॉर्म्युला वनमध्ये संधी दिली. जून १९८४ मध्ये मोनॅकोत मुसळधार पाऊस झाला. या नवख्या चालकाने मागून येत दुसरा क्रमांक गाठला. तो प्रोस्टला गाठणार असे दिसत असतानाच पावसामुळे शर्यत थांबवण्यात आली. एप्रिल १९८५ मध्ये लोटस संघाकडून पोर्तुगालमध्ये त्याने पहिला विजय मिळवला, तोही पावसातच.

गाडीतले सेन्सर नेमके काय मोजतात?

सेन्सर म्हणजे बदल ओळखून त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग. चाकाजवळचा सेन्सर फेरे मोजतो, त्यावरून वेग कळतो. ॲक्सिलरेटरवरचा सेन्सर तो किती टक्के दाबला आहे हे सांगतो. स्टीअरिंगचा कोन, ब्रेकच्या तेलाचा दाब, सस्पेन्शन किती दबले, इंजिनाचे फेरे आणि तापमान यांसाठी वेगवेगळे सेन्सर असतात. गाडी कोणत्या दिशेला किती जोराने ढकलली जाते, हे ॲक्सिलरोमीटर मोजतो. तोच भाग, अगदी छोट्या आकारात, प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो.

या सगळ्या नोंदी डेटा लॉगर नावाच्या पेटीत साठतात. इथे महत्त्वाचे असते ते नोंद किती वेळा होते हे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ८३ मीटर कापते. सेकंदाला एकच नोंद घेतली, तर दोन नोंदींमध्ये एक अख्खे वळण निसटून जाईल. सेकंदाला १०० नोंदी घेतल्या, तर दर ८३ सेंटिमीटरला गाडीची स्थिती कळते.

नंतर या नोंदींचा आलेख काढला जातो. आडव्या रेषेवर वेळेऐवजी ट्रॅकवरचे अंतर घेतात, म्हणजे दोन फेऱ्या एकमेकींवर ठेवून पाहता येतात. एका चालकाने वळणाच्या १०० मीटर आधी ब्रेक दाबला आणि दुसऱ्याने ९० मीटर आधी, तर ते लगेच दिसते. उशिरा ब्रेक दाबणारा वळणातून बाहेर पडताना मागे पडला, तर तेही दिसते. वेळ कुठे मिळाला आणि कुठे गेला, याचा हिशेब असा मांडला जातो.

मग सेन्नाचे वेगळेपण कशात होते?

१९८०च्या दशकाच्या मध्यात टर्बो इंजिनांमुळे गाड्यांची ताकद प्रचंड वाढली होती आणि इंधनावर मर्यादा आल्या होत्या. इंजिन फुटू न देता, इंधन संपू न देता वेग काढायचा तर नोंदींशिवाय पर्याय नव्हता. होंडा या कामात आघाडीवर होती. १९८७ मध्ये होंडाचे इंजिन लोटसला मिळाले आणि सेन्नाची या अभियंत्यांशी गाठ पडली.

त्याच वर्षी लोटसने सक्रिय सस्पेन्शन वापरले. यात चाकाजवळचे सेन्सर रस्त्याची स्थिती संगणकाला कळवत आणि संगणक हायड्रॉलिक यंत्रणेने गाडीची उंची सांभाळत असे. यंत्रणा जड होती, इंजिनाची थोडी ताकदही खात होती. तरीही ३१ मे १९८७ रोजी सेन्नाने मोनॅकोची शर्यत जिंकली. सक्रिय सस्पेन्शन असलेल्या गाडीचा फॉर्म्युला वनमधील हा पहिला विजय होता.

शर्यतीनंतर किंवा सरावानंतर इतर चालक निघून जात, सेन्ना मात्र अभियंत्यांबरोबर तासन् तास बसत असे. कोणत्या वळणात इंजिनाचे फेरे किती होते, कुठे गाडीचा पुढचा भाग सरकला, हे तो आठवून सांगे आणि मग ते आलेखाशी ताडून पाहिले जाई. शरीराला जाणवलेले आणि यंत्राने टिपलेले, या दोन्ही नोंदी एकत्र वाचण्याची ही सवय होती.

होंडाच्या नोंदींत त्याची एक खोडही दिसली. वळणात बहुतेक चालक ॲक्सिलरेटर हळूहळू, एका लयीत दाबत नेतात. प्रोस्टची पद्धत तशीच होती. सेन्नाच्या आलेखात मात्र करवतीच्या दातांसारखी रेषा उमटे. तो एका सेकंदात अनेकदा ॲक्सिलरेटर दाबून सोडत असे. टर्बो इंजिनात ॲक्सिलरेटर दाबल्यावर ताकद यायला क्षणभर उशीर होतो. सतत दाब दिल्याने टर्बोचे चक्र फिरते राहते आणि वळण संपताच ताकद हाताशी असते. शिवाय मागच्या टायरची पकड किती उरली आहे, याचा अंदाजही पायाला येत राहतो. टर्बो इंजिने गेल्यावरही त्याने ही पद्धत सोडली नाही.

मॅक्लारेनच्या यशात डेटाचा वाटा किती?

१९८८ मध्ये सेन्ना मॅक्लारेन संघात आला. तिथे प्रोस्ट आधीपासून होता आणि इंजिन होंडाचे होते. त्या वर्षी टर्बो गाड्यांना संपूर्ण शर्यतीसाठी फक्त १५० लिटर इंधन वापरण्याची परवानगी होती. शर्यत साधारण ३०० किलोमीटरची, म्हणजे लिटरला दोन किलोमीटर. यापेक्षा जास्त इंधन जाळले तर गाडी शेवटच्या फेरीआधीच थांबणार. त्यामुळे उरलेले इंधन आणि उरलेल्या फेऱ्या यांचा हिशेब चालकाच्या पायाइतकाच महत्त्वाचा ठरला. मॅक्लारेनने त्या हंगामातील १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. सेन्नाने आठ, प्रोस्टने सात. सेन्ना पहिल्यांदा जगज्जेता झाला.

दोन महान चालक, एकच गाडी आणि दोघांच्याही नोंदी एकाच टेबलावर, ही स्थिती फार काळ सुखाची राहिली नाही. आपल्यापेक्षा सेन्नाला चांगली इंजिने मिळतात, असा संशय प्रोस्टला येऊ लागला. १९८९ मध्ये सुझुका शर्यतीत दोघांची टक्कर झाली, सेन्ना अपात्र ठरला आणि विजेतेपद प्रोस्टला मिळाले. १९९० मध्ये त्याच ट्रॅकवर पहिल्याच वळणावर सेन्नाने फेरारीत गेलेल्या प्रोस्टला धडक दिली आणि विजेतेपद पटकावले. ती धडक मुद्दाम होती, याची कबुली त्याने वर्षभराने दिली. त्याच्या कारकिर्दीवरचा हा डाग त्याचे चाहतेही नाकारत नाहीत.

डेटाची मर्यादाही याच काळात दिसली. १९८८ च्या मोनॅको पात्रता फेरीत सेन्ना प्रोस्टपेक्षा तब्बल १.४ सेकंदांनी वेगवान होता. शर्यतीतही तो मोठ्या आघाडीवर होता. संघाने वेग कमी करण्याची सूचना दिली आणि ६७व्या फेरीत त्याची गाडी कठड्यावर आदळली. इंजिन, टायर, इंधन सगळे ठीक होते, एकाग्रता तुटली होती. ती मोजणारा सेन्सर गाडीत नव्हता.

१९९३ आणि १९९४ मध्ये काय बदलले?

१९९१ मध्ये सेन्नाने तिसरे विश्वविजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी मात्र विल्यम्स संघाची सक्रिय सस्पेन्शनची गाडी इतरांच्या फार पुढे निघून गेली. १९९२ च्या अखेरीस होंडानेही खेळ सोडला. १९९३ मध्ये मॅक्लारेनकडे फोर्डचे तुलनेने कमी ताकदीचे इंजिन होते, पण इलेक्ट्रॉनिक्स उत्तम होते. त्या वर्षी सेन्नाने पाच शर्यती जिंकल्या. ११ एप्रिलला इंग्लंडमधील डॉनिंग्टन ट्रॅकवर, ओल्या रस्त्यावर, सुरुवातीला पाचव्या स्थानी घसरलेला सेन्ना पहिली फेरी संपेपर्यंत पहिला होता. ही फेरी आजही त्याच्या सर्वोत्तम फेऱ्यांत गणली जाते.

१९९४ मध्ये तो विल्यम्समध्ये गेला आणि त्याच वर्षी नियम बदलले. सक्रिय सस्पेन्शन, चाके जागीच फिरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल, ॲन्टिलॉक ब्रेक या सगळ्यांवर बंदी आली. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. सेन्सर लावून नोंदी घेण्यावर बंदी नव्हती. सेन्सरच्या आधारे गाडीनेच चालकाच्या वतीने निर्णय घेण्यावर बंदी होती. सक्रिय सस्पेन्शनभोवती विचार करून घडत गेलेली विल्यम्सची गाडी त्याशिवाय बेभरवशाची झाली. तरीही पहिल्या तिन्ही शर्यतींत पात्रता फेरीत सेन्नाच अव्वल होता. पहिल्या दोन शर्यती मात्र त्याला पूर्ण करता आल्या नाहीत.

दुसरी शर्यत जपानमधील आयदा येथे होती. पहिल्याच वळणावर बाहेर पडल्यावर सेन्ना ट्रॅकच्या कडेला थांबून बेनेटन गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. त्या गाडीत बंदी घातलेली यंत्रणा असावी, असा त्याचा संशय होता. पुढे झालेल्या चौकशीत त्या संघाच्या संगणक प्रणालीत शर्यतीच्या सुरुवातीला मदत करणारा एक पर्याय सापडला, पण तो वापरल्याचा पुरावा मिळाला नाही.

इमोलात काय घडले आणि डेटाने काय सांगितले?

शुक्रवार, २९ एप्रिल १९९४ रोजी सरावात रुबेन्स बारिकेलोचा भीषण अपघात झाला, तो बचावला. शनिवारी पात्रता फेरीत ऑस्ट्रियाच्या रोलँड रॅट्झेनबर्गरचा मृत्यू झाला. रविवारी, १ मे रोजी, सेन्ना गाडीत बसला तेव्हा त्याच्याजवळ ऑस्ट्रियाचा झेंडा होता. शर्यत संपल्यावर तो फडकवण्याचा त्याचा मानस होता.

सुरुवातीलाच झालेल्या अपघातामुळे काही फेऱ्या सेफ्टी कारच्या मागे संथ वेगाने झाल्या. शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर सातव्या फेरीत टाम्बुरेलो या वेगवान वळणावर सेन्नाची गाडी सरळ गेली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. नोंदींवरून कळले ते असे : ट्रॅक सोडताना वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक होता. सेन्नाने ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक दाबला आणि दोन सेकंदांहून कमी वेळात वेग बराच उतरवला. तरीही धडकेच्या वेळी तो ताशी २०० किलोमीटरच्या वरच होता. सस्पेन्शनचा तुटलेला भाग हेल्मेट भेदून गेला आणि डोक्याची जखम प्राणघातक ठरली.

गाडी सरळ का गेली, हा प्रश्न मात्र उरला. सेन्नाला बसायला अधिक जागा हवी होती, म्हणून स्टीअरिंगच्या दांड्यात बदल करण्यात आला होता. तो दांडा अपघातानंतर तुटलेला आढळला. तो आधी तुटला की धडकेने, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. संथ फेऱ्यांमुळे टायरमधील हवेचा दाब उतरला आणि गाडीचा तळ रस्त्याला घासून पकड सुटली, असा दुसरा तर्क मांडला गेला. गाडीवरील कॅमेऱ्याचे प्रसारित चित्रण धडकेच्या क्षणभर आधीच संपते.

इटलीत खटला वर्षानुवर्षे चालला. १९९७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर अपिले झाली. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्टीअरिंगच्या दांड्यातील सदोष बदलाला अपघाताचे कारण मानले आणि संघाचे तांत्रिक संचालक पॅट्रिक हेड यांच्यावर जबाबदारी ठेवली. मात्र कायद्याची मुदत उलटल्याने शिक्षा झाली नाही. टायरच्या दाबाचा तर्क मांडणारे आजही आपल्या मतावर ठाम आहेत. एकाच नोंदींवरून दोन निष्कर्ष निघू शकतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

त्याच्या मृत्यूनंतर खेळात काय बदल झाले?

१६१ शर्यती, ४१ विजय, पात्रता फेरीत ६५ वेळा अव्वल आणि तीन विश्वविजेतेपदे, अशी सेन्नाची कारकीर्द होती. ब्राझील सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. बहीण विवियाने यांनी त्याच वर्षी आयर्टन सेन्ना इन्स्टिट्यूट स्थापन केली. ही संस्था ब्राझीलमधील मुलांच्या शिक्षणासाठी काम करते.

खेळातही बदल झाले. टाम्बुरेलोचे वेगवान वळण पुढच्या वर्षी मोडून तिथे संथ वळणे आणली गेली. चालकांची बंद पडलेली संघटना पुन्हा उभी राहिली. १९९७ पासून गाड्यांमध्ये अपघाताची स्वतंत्र नोंद ठेवणारी पेटी बसवण्यात आली. तोवर नोंदी मुख्यतः वेग वाढवण्यासाठी होत्या. या पेटीचे काम वेगळे होते : धडकेच्या वेळी गाडीवर किती आणि कोणत्या दिशेने बळ आले, हे टिपायचे. मानेला आधार देणारे उपकरण २००३ पासून आणि चालकाच्या डोक्यावरचे हेलो हे कडे २०१८ पासून सक्तीचे झाले. सेन्नानंतर फॉर्म्युला वन शर्यतीतील अपघाताने चालकाचा जीव जाण्याची पुढची घटना ज्यूल्स बियांकीची. त्याचा अपघात २०१४ मध्ये झाला, म्हणजे मध्ये २० वर्षे गेली.

आज आपल्याशी याचा संबंध काय?

फॉर्म्युला वनच्या आजच्या गाडीत सुमारे ३०० सेन्सर असतात आणि त्यांच्या नोंदी धावत्या गाडीतून थेट संघाकडे जातात. मात्र पिटमधून गाडीच्या सेटिंगमध्ये परस्पर बदल करण्यावर २००३ पासून बंदी आहे. पाहायचे संघाने, करायचे चालकाने, असा हा नियम.

हे तंत्र आता फक्त ट्रॅकवर उरलेले नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर नव्या पेट्रोल स्कूटर आणि मोटारसायकलींमध्ये फ्युएल इंजेक्शन आले. त्यासोबत थ्रॉटल किती उघडला, इंजिन किती फेरे घेते आणि धुरात ऑक्सिजन किती, हे मोजणारे सेन्सरही आले. गुलमंडीत दुकानासमोर लावलेल्या नव्या स्कूटरमध्ये ते असतात. इंजिनाचा दिवा लागला की मेकॅनिक जे यंत्र जोडून बघतो, ते याच नोंदी वाचते. कारखान्यांतही यंत्राची थरथर मोजून बेअरिंग खराब होण्याआधी इशारा मिळवण्याचे काम याच पद्धतीने चालते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्पर्धेसाठी बनवतात त्या छोट्या रेसिंग कारमध्येही काही हजार रुपयांत डेटा लॉगर बसवता येतो.

त्यात सेन्नाची सवय उपयोगी पडते. आलेख उघडण्याआधी चालकाने गाडी कुठे कशी वागली ते स्वतः सांगायचे आणि मग ते नोंदींशी जुळवून पाहायचे. दोन्ही जुळले तर बदल नेमका करता येतो. जुळले नाही, तर सेन्सर चुकतो आहे की चालक, हे आधी शोधावे लागते.